अपार्टमेंटमध्ये सायकल ठेवायची कुठे? (जळगाव)

गिरणाकाठ

नमस्कार मंडळी. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आम्ही चार दिवस चोपड्याकडे गावी गेलो होतो. इमारत निम्मी रिकामी होती, जो तो आपापल्या गावी. परत आलो तर पार्किंगमधून मुलीची सायकल गेलेली. कापलेल्या केबल लॉकचा तुकडा कंपाउंडच्या बाहेर लिंबाखाली सापडला.

मुलगी नववीत आहे. शाळा आणि संध्याकाळचा क्लास ती सायकलनेच करते. तिनं दोन वर्षं ती सायकल पुसून, तेल घालून ठेवली होती. घरी आल्यावर ती काही बोलली नाही, आतल्या खोलीत जाऊन बसली. मला तेच जास्त लागलं.

आता दुसरी घेतली आहे, गिअरची, सव्वातेरा हजारांची. ती ठेवायची कुठे हाच प्रश्न आहे. आमची इमारत चार मजली, सोळा फ्लॅट, लिफ्ट नाही. आम्ही तिसऱ्या मजल्यावर. खाली स्टिल्ट पार्किंग आहे, म्हणजे इमारतीच्या खांबांमधली मोकळी जागा, पण तिथे चारचाकीचे पट्टे मारलेले आहेत आणि सेक्रेटरी म्हणतात की सायकलला जागा ठरलेली नाही. जिन्याच्या वळणावर ठेवली तर समोरच्या काकांचा पाय अडकतो. त्यांचं वय ७४, त्यांची तक्रार रास्त आहे. घरात आणायची म्हटलं तर पोरीनं रोज दोनदा तीन मजले सायकल उचलायची का?

तुमच्या इमारतीत काय केलं आहे ते कृपया सविस्तर सांगा.

भुसावळ जंक्शन

वाईट वाटलं वाचून. मी रेल्वेतून निवृत्त झालो, सदतीस वर्षं ड्युटीला सायकलनं गेलो. एक विचारतो. सायकल कशाला बांधली होती?

गिरणाकाठ

काका, कशालाच बांधली नव्हती. मागच्या चाकातून आणि फ्रेममधून लॉक घातलं होतं, सायकल स्टँडवर उभी होती.

भुसावळ जंक्शन

मग त्या लिंबाखालच्या तुकड्यातच सगळं आलं. चोरानं तुमच्या पार्किंगमध्ये लॉक कापलंच नाही. सायकल उचलली, मागचं चाक अधांतरी धरून बाहेर नेली आणि अंधारात निवांत कापलं. पंधरा किलोची वस्तू आहे, एका माणसाला जड नाही. तिला हलता येऊ नये ही पहिली गोष्ट, लॉक किती जाड ही दुसरी. लोक दुसऱ्या गोष्टीवर पैसे घालतात आणि पहिली विसरतात.

आमच्या वेळी स्टेशनबाहेर सायकल स्टँड असायचं. स्टँडवाला पत्र्याचा बिल्ला द्यायचा, एक हँडलला, एक आपल्या खिशात. रात्रपाळी करून सकाळी आलो तरी सायकल जागेवर. त्या स्टँडवर कुलपं फार भारी नव्हती. पण जागा नेमलेली होती, आणि कुणाची कोणती सायकल हे माहीत असलेला एक माणूस बसलेला असायचा. तुमच्या पार्किंगमध्ये या दोन्हींपैकी काही नाही. जागा तरी नेमून घ्या.

सातपुडा पायडल

काकांचं शंभर टक्के खरं. लॉकबद्दल मी लिहितो, कारण यात मीही एकदा पोळलो आहे.

केबल लॉक दिसायला बोटाएवढं जाड असतं, पण त्यात बराचसा प्लास्टिकचा पापुद्रा असतो आणि आत बारीक तारांचा पीळ. साध्या वायर कटरनं काही सेकंदांत तुटतं. ते पुढचं चाक किंवा सीट अडकवायला जोडीला ठेवा, मुख्य कुलूप म्हणून नको. मागच्या चाकाला कायमचं बसवलेलं जुन्या पद्धतीचं गोल लॉक दूध आणायला जाताना दोन मिनिटांसाठी उत्तम. पण ते लावलेली सायकल उचलून नेता येतेच.

रात्रभरासाठी दोनच पर्याय. एक, यू आकाराचं लॉक, दांडा बारा ते सोळा मिलिमीटर जाड. दोन, कडक पोलादाची साखळी, कडी आठ-दहा मिलिमीटरची आणि कडी चौकोनी असली तर अजून चांगली, कटरच्या जबड्यात ती नीट बसत नाही. साखळीला कुलूपही तशाच जातीचं लावा. दहा मिलिमीटरची साखळी आणि तिला पत्र्याच्या पेटीचं छोटं कुलूप, असं मी स्वतः पाहिलं आहे. चोर साखळीला हातसुद्धा लावत नाही, ते कुलूपच तोडतो.

लावायची पद्धत: यू लॉक मागच्या चाकातून, फ्रेमच्या मागच्या त्रिकोणातून आणि जमिनीत रोवलेल्या पाइपातून, असं एकाच वेळी गेलं पाहिजे. नुसतं पुढचं चाक बांधलं तर चाक जागेवर राहतं आणि सायकल जाते, कारण गिअरच्या सायकलींना बहुतेक वेळा पुढचं चाक हातानं सुटणारं असतं. तुमच्या नव्या सायकलच्या पुढच्या आसाला खटका आहे का पाहा. असेल तर तो काढून साधा नट-बोल्टचा आस बसवून घ्या. सायकलवाला दहा मिनिटांत करून देतो. सीटखालीही तसाच खटका असतो, तिथे ॲलन बोल्ट (षटकोनी किल्लीनं फिरणारा) टाका.

आणखी एक. कुलूप जमिनीला टेकू देऊ नका. जमिनीवर ठेवून घणाचा घाव घालणं सोपं जातं. ते अधांतरी, फ्रेमला घट्ट बसलेलं हवं. यू लॉकच्या आत जितकी रिकामी जागा कमी, तितकं पहार घालून उचकटणं अवघड. म्हणून फार मोठं यू लॉक घेऊ नका.

चौथा मजला

मी इंजिनिअरिंगला आहे, भाड्यानं राहतो, तिघं मिळून. माझी सायकल खोलीतच असते भो. भिंतीला हूक मारायला घरमालक परवानगी देत नाही, म्हणून पुढचं चाक वर करून ती कोपऱ्यात उभी टेकवतो आणि खाटेच्या पायाला बांधतो. उभी ठेवली की खोलीतली जागा निम्मी लागते. खाली जुनी सतरंजी टाकली आहे, नाहीतर टायरचा काळा डाग फरशीवर राहतो आणि डिपॉझिटमधून पैसे कापतात.

जिन्यातून नेताना एक युक्ती. उजव्या खांद्यावर फ्रेमचा आडवा दांडा, चेनची बाजू बाहेर. हँडल हातानं फ्रेमच्या रेषेत वळवून धरायचं. साधारण ६० सेंटिमीटरचं हँडल भिंतीला घासत नाही मग. पण दादा, नववीच्या मुलीला हे रोज करायला लावू नका. माझे स्वतःचे दोन महिन्यांत खांदे भरून आले.

कळण्याची भाकर

मी आमच्या सोसायटीची सेक्रेटरी आहे, चौथं वर्ष. दुसरी बाजूही कुणीतरी लिहायला हवी म्हणून लिहिते.

गिरणाकाठ भाऊ, तुमच्या सेक्रेटरींना सायकलचा राग नसावा. सेक्रेटरीला भीती असते ती जिन्याची. जिना हा आगीच्या वेळी बाहेर पडायचा रस्ता आहे. २००६ चा महाराष्ट्राचा आग प्रतिबंधक कायदा आहे, आणि जिना-पॅसेज मोकळा ठेवण्यावरून कुणी बोट ठेवलं तर आधी कमिटीला विचारतात. धूर झाला, वीज गेली, अंधारात माणसं खाली धावतात. वळणावरचं हँडल कुणाच्या पोटात गेलं तर? म्हणून जिन्यात सायकल नाही म्हणजे नाही, यावर मी माझ्या नणंदेशीही भांडले आहे.

दुसरं, मेलेल्या सायकली. आमच्याकडे २४ फ्लॅट. मी जबाबदारी घेतली तेव्हा पार्किंगच्या कोपऱ्यात १९ सायकली होत्या. धूळ झाडून मोजल्या तर चालणाऱ्या आठ. बाकीच्या लहान मुलांच्या, मुलं आता कॉलेजात. काहींचे मालक फ्लॅट विकून पुण्याला गेलेले. त्या अकरा सायकली चांगल्या आठांची जागा खात होत्या, आणि त्यांच्याकडे पाहूनच सभेत लोक म्हणायचे, “सायकली म्हणजे भंगार, काढा सगळ्या.”

मी काय केलं ते सांगते. प्रत्येक सायकलच्या हँडलला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधली, “मालकाने फ्लॅट नंबर लिहावा, ३० दिवसांनी निर्णय होईल.” तेच फळ्यावर लिहिलं, ग्रुपवर फोटोसकट टाकलं, फ्लॅट विकून गेलेल्यांना फोन केले. महिन्याभरात सहा जणांनी आपली ओळखली आणि त्यातल्या चौघांनी “द्या कुणालाही” म्हणून लिहून दिलं. लिहून घेतलं हे महत्त्वाचं. बेवारस उरलेल्या पाचांचा ठराव सभेत केला, मगच हात लावला. नऊ सायकली सुट्या करून, सुटे भाग एकमेकींना लावून सायकलवाल्यानं पाच चालत्या केल्या. जवळच्या जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापकांनी त्या नेल्या. आठवी ते बारावीच्या मुलींना मानव विकास कार्यक्रमातून सायकली मिळतात, पण पाचवी-सहावीची पोरं पायीच येतात, त्यांना त्या झाल्या.

कोपरा मोकळा झाला त्या दिवशी विरोध संपला. जागा होतीच, ती दिसत नव्हती. तुमच्याकडे आधी मोजा. चालत्या किती आणि मेलेल्या किती, हा आकडा हातात असल्याशिवाय सभेत उभे राहू नका.

गिरणाकाठ

ताई, आज संध्याकाळी मोजलं. १३ सायकली. हवा भरली तर चालतील अशा सात. जनरेटरच्या मागे दोन सायकली एकमेकींत इतक्या गुंतल्या होत्या की पायडल कुणाचं ते कळेना.

मोजताना आई गॅलरीतून बघत होती. सगळं ऐकून म्हणाली, “सायकल ठेवाले जागा नही, मंग मोटारीसले कशी शे?” मला सेक्रेटरींना हेच विचारायचं होतं, पण इतकं थोडक्यात सुचलं नव्हतं.

वकिली नाही, वाचन

मी वकील नाही. आमच्या इमारतीच्या भांडणात जे वाचावं लागलं ते सांगतो.

आधी कागद पाहा, तुमची सोसायटी आहे की अपार्टमेंट. आपल्या भागात लोक सरसकट सोसायटी म्हणतात, पण अनेक इमारती १९७० च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली डिक्लरेशन (नोंदवलेलं घोषणापत्र) केलेल्या असतात. तिथे नियम डिक्लरेशन आणि त्याच्या उपविधींतून येतात. सहकारी सोसायटी असेल तर १९६० चा सहकारी संस्था कायदा आणि तुमचे नोंदलेले उपविधी. पार्किंगची जागा कशी वाटायची हा सर्वसाधारण सभेचा विषय आहे, एकट्या सेक्रेटरींचा नाही. सोसायटीची वार्षिक सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. त्याआधी लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि विषयपत्रिकेत विषय घ्यायला सांगा. आयत्या वेळी बोलायला उठलात तर “पुढच्या वेळी पाहू” ऐकावं लागेल.

पट्ट्यांबद्दल. कुणी म्हणेल, “ही जागा मी बिल्डरकडून विकत घेतली.” सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सोसायटी या प्रकरणात सांगितलं की १९६३ च्या मोफा (महाराष्ट्राच्या फ्लॅट मालकी) कायद्याखाली स्टिल्ट पार्किंग हा स्वतंत्र फ्लॅट नाही, बिल्डरला ते वेगळं विकता येत नाही, ती सामाईक जागा आहे. मुंबईतल्याच इमारतीचं प्रकरण, पण मोफा आपल्यालाही लागू. रेरा (घरबांधणी प्रकल्पांचा नवा कायदा) आल्यानंतरच्या इमारतीत मात्र झाकलेल्या पार्किंगचं गणित वेगळं असू शकतं, तिथे करारनामा वाचल्याशिवाय बोलू नका.

हे सगळं माहीत असू द्या, पण सभेत पहिलं वाक्य सर्वोच्च न्यायालयाचं नको. शेजाऱ्यांबरोबर राहायचं आहे.

पांझराकाठ

धुळ्याचा आहे, सिव्हिलचं काम करतो, फॅब्रिकेशनवाल्यांशी रोजची ऊठबस. स्टँड कसं करायचं ते सांगतो, कारण इथेच लोक चुकतात. दुकानात तयार मिळणारं, पुढचं चाक खाचेत अडकवायचं ते स्टँड आणू नका. त्यात फक्त चाक धरलं जातं. शेजारच्यानं धक्का दिला की सगळं वजन रिमवर येतं आणि रिम वाकडी होते. शिवाय फ्रेम कशाला बांधायची हा प्रश्न तसाच राहतो.

उलट्या यू आकाराचा पाइप हाच सगळ्यात सोपा आणि मजबूत. ४० मिलिमीटर बोअरचा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप, बी क्लास म्हणजे मध्यम जाडीचा, बाहेरून साधारण ४८ मिलिमीटर भरतो. फर्निचरचा पातळ पाइप नको, तो हॅक्सॉ ब्लेडनं दोन मिनिटांत जातो. जमिनीवर उंची ७५ सेंटिमीटर, लांबी ७० ते १०० सेंटिमीटर. एका यूला दोन सायकली, दोन्ही बाजूंनी एकेक. लहान मुलांच्या सायकलींसाठी ४० सेंटिमीटरवर एक आडवा पाइप वेल्ड करून घ्या. दोन यूंमध्ये एक मीटर अंतर ठेवा. लोक जागा वाचवायला ६० सेंटिमीटर ठेवतात, मग हँडलमध्ये हँडल अडकतं आणि कुणी वापरत नाही.

आता हिशेब. एका चारचाकीचा पट्टा साधारण अडीच मीटर बाय पाच मीटर. पाच मीटरच्या बाजूनं एकेक मीटरवर पाच यू बसतात, म्हणजे दहा सायकली. सायकलची लांबी पावणेदोन-एक मीटर, तेव्हा अडीच मीटरमध्ये ती मावून मागे पाऊलभर वाट उरते. एका मोटारीच्या जागेत दहा सायकली. गिरणाकाठ, तुमच्या सात चालत्या सायकलींना पूर्ण पट्टासुद्धा लागत नाही, चार यू पुरतात.

रोवायचं कसं? स्टिल्टची जमीन म्हणजे बहुतेक ठिकाणी खाली मुरूम-माती, वर दहा-बारा सेंटिमीटर काँक्रीट आणि कोबा किंवा पेव्हर ब्लॉक. पेव्हर ब्लॉकमध्ये बोल्ट मारायचा नाही, तो ब्लॉकसकट उपटून येतो. फूटभर रुंद, फूट-सव्वा फूट खोल खड्डा घ्या, पाइपच्या पायांना खालून आडवा सळईचा तुकडा वेल्ड करा म्हणजे तो फिरणार नाही, उपसणार नाही, आणि काँक्रीट भरा. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. खड्ड्यात काळी माती लागली तर ती काढून मुरूम धुमस करून घ्या, नाहीतर दोन वर्षांत स्टँड हलतं. आणि सध्या उन्हाळा आहे. काँक्रीटवर ओलं गोणपाट टाकून सात दिवस पाणी मारा. एका दिवसाच्या उन्हात वरचा थर भाजून निघतो, खाली कच्चं राहतं.

खणण्याआधी तीन गोष्टी शोधा: जमिनीखालची पाण्याची टाकी, ड्रेनेजची लाइन आणि अर्थिंगची पट्टी. बिल्डरचा नकाशा सापडला तर उत्तम, नाहीतर इमारतीचा जुना प्लंबर बोलवा, त्याला सगळं पाठ असतं. इमारतीच्या कॉलमला भोक पाडून कडी बसवू नका. सोपं वाटतं, पण ड्रिल सळईला लागतं, आणि त्या भोकातून ओल गेली की सळई गंजून तिच्यावरचं काँक्रीट फुटतं. सायकलपायी कॉलमला हात लावायचा नाही.

पाइपला रेड ऑक्साइड प्रायमर, वर पिवळा ऑइल पेंट. मोटार मागे घेणाऱ्याला रात्री दिसला पाहिजे.

सातपुडा पायडल

रिमचं अगदी बरोबर. माझी एक रिम त्या खाचेच्या स्टँडनंच वाकडी केली.

चौथा मजला

गच्चीवर ठेवली तर? आमच्याकडे काही जण ठेवतात. गच्चीला कुलूप असतं.

भुसावळ जंक्शन

गच्चीवर नको रे बाबा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो, गच्चीवरची फरशी तर त्याहून तापते. टायरच्या बाजूला बारीक भेगा पडतात, सीटचं कव्हर सोलतं, हँडलच्या मुठी चिकट होतात, आणि ट्यूबचं पंक्चर ज्या सोल्युशननं काढलेलं असतं ते मऊ पडून ठिगळ सुटतं. उन्हातून आणलेल्या सायकलीत ठासून हवा भरून ती पुन्हा उन्हात उभी केलीस तर एखादवेळी ट्यूब फुटेलही. सायकलीला सावली माणसाएवढीच लागते. स्टिल्ट पार्किंग त्यासाठीच चांगलं. पावसाळ्यात फक्त बघायचं की खाली पाणी साठत नाही ना, आणि पंधरा दिवसांनी चेनला तेल.

नर्मदा-तापी

चोरी झाल्यावरचं कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहिते. गिरणाकाठ, तक्रार दिलीत का?

नवीन सायकल आज उलटी करा. पायडलच्या आसाखाली, फ्रेमच्या पोटाला एक नंबर ठोकलेला असतो. त्याचा फोटो काढा, बिलाचा काढा, सायकलीचा दोन्ही बाजूंनी काढा आणि स्वतःलाच मेल करून ठेवा. माझ्या भावाची सायकल गेली तेव्हा ठाण्यात पहिला प्रश्न हाच आला, “ओळखायची कशी? निळ्या सायकली शंभर आहेत.” नंबर नव्हता. पुढे काही झालं नाही.

बिल महत्त्वाचं अजून एका कारणानं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्यात पाच हजारांहून कमी किमतीच्या वस्तूची साधी चोरी अदखलपात्र धरली आहे, म्हणजे न्यायालयाच्या परवानगीशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. राहत्या घरातल्या चोरीसाठी मात्र वेगळं कलम आहे, ३०५. म्हणून तक्रारीत किंमत लिहाच, आणि सायकल नेमकी कुठे उभी होती तेही लिहा. फाटकाच्या आत, इमारतीखाली, छताखाली, असं सगळं. नुसतं “अपार्टमेंटमधून गेली” नको. तक्रारीची प्रत मागून घ्या, ती फुकट मिळते.

गिरणाकाठ

ताई, तक्रार दिली आहे. बिल सापडलं, ६,८०० चं. नंबर मात्र नव्हता. नवीचा आत्ताच टॉर्च लावून पाहिला, मिळाला. मुलीनंच तिच्या वहीत उतरवून घेतला.

कळण्याची भाकर

एक राहिलंच. जागा ठरवाल तेव्हा फक्त सभासदांच्या सायकली मोजू नका. आमच्याकडे स्वयंपाकाच्या मावशी पिंप्राळ्याकडून सायकलनं येतात, रोज पाच घरं करतात. पेपरवाला पोरगा सायकलवर. रात्रीचे वॉचमन सायकलवर. मावशींची सायकल फाटकाबाहेर उन्हात उभी असायची, कारण “बाहेरच्यांच्या गाड्या आत नको” असा जुना नियम. एकदा त्यांची सायकल गेली. त्या दुसऱ्या दिवशी चार किलोमीटर चालत आल्या आणि उशीर झाला म्हणून आपणहून माफी मागत होत्या. मला त्या दिवशी इतकी लाज वाटली की सभेत सगळ्यात आधी तोच नियम बदलून घेतला. ज्यांचं पोट सायकलवर आहे त्यांची सायकल आधी आत आली पाहिजे. आमच्या स्टँडचं फाटकाजवळचं पहिलं यू त्यांच्यासाठी आहे आणि त्यावर तसं लिहिलं आहे.

पांझराकाठ

ताई, हे मी माझ्या प्रत्येक कामात सांगणार.

चौथा मजला

बॅटरीच्या सायकलींचं काय? आमच्या खालच्या मजल्यावर एकानं घेतली आहे. जिन्याखालच्या मीटरपाशी वायर टाकून चार्ज करतो.

पांझराकाठ

मीटरपाशी अजिबात नको, आणि जिन्याखाली तर नकोच. बॅटरी सुटी होणारी असेल तर काढून घरी न्यावी, कुणीतरी जागं असताना, तिच्याच चार्जरवर चार्ज करावी. उन्हातून आल्या आल्या लावू नये, तासभर निवू द्यावी. बॅटरी घरी नेली की खाली उरलेल्या सायकलकडे चोराचंही लक्ष कमी जातं.

गिरणाकाठ

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितो. उशीर झाला, पण काम झालं आहे.

अर्ज दिला, पोच घेतली. सोबत सायकलींची यादी आणि पांझराकाठ भाऊंच्या मापांचं चित्र जोडलं, मुलीनं काढलेलं. सभा सप्टेंबरमध्ये झाली. सुरुवातीला दोघांनी विरोध केला. एकाचं म्हणणं, पाहुण्यांच्या गाडीची जागा जाईल. सेक्रेटरींनीच उत्तर दिलं की पाहुणे महिन्यातून दोनदा येतात आणि सायकली रोज. मी त्यांच्याविषयी इथे पहिल्यांदा जे लिहिलं होतं ते थोडं घाईचं होतं. त्यांना कुणी लेखी काही दिलंच नव्हतं, आणि जिन्यातल्या सायकलींची भीती त्यांना खरोखर होती. चिठ्ठ्या बांधायचं कामही त्यांनी स्वतः केलं. सहा मेलेल्या सायकलींपैकी चार गेल्या, दोन घरमालकांनी दुरुस्त करून वर नेल्या.

सभेत जे ठरलं नाही ते पुढे हिवाळ्यात गच्चीवरच्या भरीत पार्टीत ठरलं. बामणोदची वांगी भाजायला पहाटे काड्या लावल्या होत्या, सगळे शेकत बसले होते, आणि ज्यांचा सर्वांत जास्त विरोध होता ते काका म्हणाले की माझ्या पट्ट्याच्या शेजारचा कोपरा घ्या, मी गाडी एक फूट सरकवून लावतो. तो एक फूट नसता तर मागची वाट उरली नसती.

तीन यू बसले. खड्ड्यात काळी मातीच लागली, मुरूम टाकून धुमस केली. फाटकाजवळच्या पहिल्या यूवर मुलीनं ब्रशनं लिहिलं आहे, “कामावर येणाऱ्यांसाठी.” आमच्याकडच्या मावशी पहिल्या दिवशी सायकल तिथे लावायला तयारच होईनात, आईनं स्वतः खाली जाऊन लावायला लावली. समोरचे ७४ वर्षांचे काका आता जिन्यातून कठड्याला न धरता उतरतात.

मुलगी रात्री आठला क्लासहून येते, यू लॉक मागच्या चाकातून घालते, एकदा ओढून बघते, मग वर येते. जोडीची दुसरी किल्ली मी कपाटात ठेवली आहे.

एक अडचण उरली आहे. चौथा यू जिथे बसवायचा तिथे खाली पाण्याची टाकी निघाली, प्लंबरनं वेळेत सांगितलं म्हणून बरं. सायकली आता नऊ झाल्या, दोघांनी नव्या घेतल्या. मावशी आणि पेपरवाल्याची जागा सोडली तर तीन यू पुरत नाहीत. टाकीवर काय करता येईल?

पांझराकाठ

टाकीच्या स्लॅबला भोक पाडू नका, पाणी दूषित होईल आणि स्लॅबही गळेल. तिथे सुटी चौकट करा. जमिनीवर पडणारे दोन जाड अँगल (एल आकाराचे लोखंडी दांडे) समांतर ठेवा, त्यांच्यावर दोन यू वेल्ड करा आणि टोकं आडव्या अँगलनं जोडून घ्या. खाली रबराची पट्टी चिकटवा, म्हणजे फरशी ओरखडणार नाही. चौकटीची रुंदी तुमच्या छोट्या फाटकापेक्षा हातभर जास्त ठेवायची. सायकली लावलेली चौकट दोघांना उचलणार नाही आणि उचलली तरी फाटकातून निघणार नाही. मोठं फाटक रात्री कुलूपबंद असतं ना, तेवढं बघा. टाकीच्या झाकणावर मात्र येऊ देऊ नका, टाकी धुवायला माणूस उतरतो तिथून. छोट्या फाटकाची रुंदी मोजून इथे टाका, मी अँगलची मापं काढून देतो.

गिरणाकाठ

छोटं फाटक ९० सेंटिमीटर. मोठ्याला रात्री अकराला वॉचमन कुलूप लावतात. झाकण भिंतीपासून दीड मीटरवर आहे.

पांझराकाठ

मग चौकट १३० सेंटिमीटर रुंद, भिंतीला लागून, झाकणाच्या अलीकडे. मधलं अंतर एक मीटर ठेवूनही दोन्ही यू बसतात. अँगल ५० बाय ५० बाय ६ मिलिमीटरचा घ्या. फॅब्रिकेटरला दाखवायला चित्र उद्या सकाळी टाकतो.